चंपतमामाची पपई

आमच्या चंपतमामाच्या हातचं मटण न खाता जो माणूस गुडीहत्नूरवरून पुढे गेला, त्याची मला खरोखर दया येते. आदिलाबादहून हैदराबादकडे जाणारा हमरस्ता आमच्या गावाला लागूनच आहे. गाड्या थांबतात, लोक ढाब्यावर काहीतरी चघळतात, दात कोरत निघून जातात. अरे, दोन गल्ल्या आत या! पण त्यांना कोण सांगणार.

मी प्रगती. मामाची भाची, मराठी शाळेत विज्ञान शिकवते. मला राग लवकर येतो आणि आनंद त्याहून लवकर होतो, असं आमचे हेडमास्तर धम्मपाल सर म्हणायचे. ही गोष्ट ऐकताना तेवढं सांभाळून घ्या, कारण गेल्या वर्षी हे दोन्ही मला इतक्या वेळा झालं की विचारू नका.

मामा मूळचा सालदाराचा मुलगा. माझे आजोबा दुसऱ्याच्या वावरात राबले, घरात मटण आलं तर ते म्हाताऱ्या बकऱ्याचं, इतरांनी नको म्हटलेलं. मामाने शाळा लवकर सोडली आणि सरकारी वसतिगृहात स्वयंपाकी म्हणून लागला. तिथे निजामाबादकडचे एक बुजुर्ग खानसामा होते. सणासुदीला वसतिगृहात जो बकरा यायचा तोही म्हाताराच, पोरं चावून चावून रडकुंडीला यायची. खानसाम्यांनी मामाला एक दिवस कच्ची हिरवी पपई सालीसकट किसायला लावली आणि तो कीस मटणाला चोळून ठेवायला सांगितला. त्या दिवशी पोरांनी हाडंसुद्धा चोखून पांढरी केली म्हणे. तेव्हापासून मामाच्या परसात पपईची झाडं आहेत, आणि नोकरी संपल्यावरही पंचक्रोशीतलं बारसं, हळद, घरभरणी, कुणा मास्तरची नाहीतर कारकुनाची निवृत्ती, मामाशिवाय होत नाही.

त्याचं काम बघण्यासारखं असायचं. पपई चोळून झाली की मटणाच्या गंजावर, म्हणजे मोठ्या पातेल्यावर, ओलं फडकं टाकायचा आणि जवळच्या कडूलिंबाखाली जाऊन सगळ्यांकडे पाठ करून बसायचा. एकामागून एक बिड्या. त्या वेळी त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. यजमान असो की नवरदेवाचा बाप, मामा हात वर करून गप्प करायचा. भागीरथामामी गंजाशेजारी चुलीपाशी भाकरी थापत असायची. काही वेळाने ती हाक मारायची, "आवो, या आता, चूल पेटली!" मामा बिडी चिरडून तिकडून ओरडायचा, "आलो! माहं झालंच होतं!" आणि येऊन मटण धुवायला घ्यायचा. एवढ्यातच त्याची सगळी कला होती. पपई कमी वेळ राहिली तर मटण चिवट, जास्त वेळ राहिली तर लगदा. मामाची वेळ कधी चुकली नाही.

गेल्या वर्षी मामाच्या पोटात कळ आली. मुतखडा असेल म्हणून मी त्याला आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी करणारे डॉक्टर पोटावरून यंत्र फिरवत फिरवत एका जागी थांबले ते थांबलेच. मुतखडा वगैरे काही नव्हता, कळ साधी वाताची होती. पण हृदयाकडून पोटात उतरणारी जी मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, ती मामाची फुगली होती. आंगठ्याएवढी असायला हवी ती संत्र्याएवढी झाली होती. डॉक्टर शांतपणे म्हणाले की ही फुटली तर माणूस दवाखान्यापर्यंत पोचेल याचा भरवसा नाही.

तिथून हैदराबाद. मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या सर्जन मॅडमनी फिल्म उजेडात धरली, मामाची छाती तपासली, आणि ऑपरेशन करावंच लागेल असं सांगितलं. पण आधी महिनाभर बिडी पूर्ण बंद. फुप्फुसं अशी असताना भूल देणं धोक्याचं होतं. शिवाय धमनी फुगवणाऱ्या कारणांत बिडीचा नंबर पहिला, तेव्हा रोज ओढलेली बिडी आतली भिंत आणखी पातळ करणार. "बिडी छोड़ो, फिर आओ," मॅडम म्हणाल्या. "और जल्दी आओ."

मामाने मान डोलावली. दवाखान्याच्या फाटकाबाहेर आल्याबरोबर पेटवली.

"मामा!" मी ओरडले.

"काऊन वरडून राह्यली? दुखत नाई, खुपत नाई, मंग कायची बिमारी? ते मशीनच बिघडलं असन."

आता माझं ऐका. घरी आल्यावर मी वाचायला बसले. राग होताच, पण वाचता वाचता तो कुठल्याकुठे गेला आणि मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारायला लागले. केवढी भन्नाट गोष्ट! धमनीची भिंत दोन प्रथिनांनी उभी असते. एक इलास्टिन, ते रबरासारखं ताणतं आणि परत येतं. दुसरं कोलॅजेन, ते दोरासारखं घट्ट धरून ठेवतं. आणि हे धागे कापणारी विकरं, आम्ही शाळेत ज्यांना एन्झाइम म्हणून शिकवतो ती, शरीर स्वतःच तयार करतं! कशाला? तर डागडुजीला. जुना धागा कापायचा, तिथे नवा विणायचा. या कात्र्यांवर नजर ठेवणारे राखणदारही शरीरातच असतात. पण वय झालं, त्यात रोजचा धूर, की भिंतीत पांढऱ्या पेशींची गर्दी होते, कात्र्या वाढतात, राखणदार कमी पडतात. कापणं चालू, विणणं मागे. घरचाच गवंडी रोज चार विटा काढतो आणि एकच बसवतो, तर भिंतीला पोट सुटणारच. हृदयाकडे जाणाऱ्या नळ्यांतही हीच विकरं चरबीच्या गाठीवरचा पापुद्रा खाऊन पातळ करतात, तो फाटतो, आणि झटका येतो. एकच कारागीर, दोन ठिकाणी घात!

आणि मग मला पपई आठवली. कच्च्या पपईच्या चिकातही प्रथिनं तोडणारं विकरच असतं. कुटुंब वेगळं, पण धंदा तोच. मामा जन्मभर हेच करत आला होता, फक्त गंजात! मी चप्पल न घालता मामाच्या घरी पळाले, खोटं नाही सांगत.

ओट्यावर बसून मी त्याला सगळं सांगितलं. हातवारे केले, ओढणी ताणून दाखवली. "मामा, पपईचा चीक मटणाले जसा खाते ना, तसा एक चीक तुह्या नळीले आतून खाऊन राह्यला!" मामाचा जबडा खाली आला. मामीने तोंडावर पदर घेतला. मामाने दोनदा मान हलवली आणि उठून परसात गेला. मी तरंगत घरी आले. शिक्षकाला वाटतं, मान हलली म्हणजे डोक्यात शिरलं. इतकी वर्षं शिकवूनही मला अक्कल नाही.

पंधरवड्याने आमच्या धम्मपाल सरांच्या निवृत्तीचं जेवण होतं. साऱ्या मंडलातले, म्हणजे तालुक्यातले, शिक्षक, शिक्षणखात्यातले कारकून, त्यांची बायकामुलं. मटण अर्थातच चंपतरावांचं. पंगत बसली, रस्स्याचा वास असा सुटला की सगळ्यांनी बाह्या सरसावल्या. पहिला घास गेला. आणि मग पंगतीत शांतता पसरली.

ती शांतता चवीची नव्हती, कष्टाची होती. लोक चावत होते. चावतच होते. गणिताचे सर डोळे मिटून, कपाळाच्या शिरा ताणून एका फोडीशी झुंजत होते. प्रमुख पाहुण्यांना दोन शब्द बोलायला उभं केलं तर त्यांनी हाताने 'थांबा' अशी खूण केली, कारण घास गिळता येईना आणि टाकता येईना. मी जमीन दुभंगायची वाट बघत होते. शेवटी धम्मपाल सरांनी पाणी पिऊन मामाकडे बघितलं.

"चंपतराव, बकरापण माझ्यासोबतच निवृत्त झालेला पाहून आणला का?"

सगळे हसले. मामा हसला नाही. चाळीस वर्षांत त्याच्या पंगतीत कुणाच्या ताटात फोड उरली नव्हती, आणि आज पत्रावळींवर मटणाचे ढीग होते. तो देगीमागे जाऊन उभा राहिला आणि त्याने बिडी पेटवली.

मी घरी गाठलं त्याला. "काय केलं तू मामा? पपई?"

"सोडली."

"सोडली? काऊन?"

"तूच त म्हनली! जिंदगीभर पपईचं मटण खाल्लं, तो चीक जमा झाला, नळी खाऊन राह्यला म्हनून. म्या झाडं बी तोडून टाकली."

मी परसात बघितलं. खरंच तोडली होती. चार बुंधे, त्यांतून पांढरा चीक गळून वाळलेला. आणि मामाच्या बोटांत बिडी तशीच जळत होती! पपईचा त्याग एवढा मोठा आणि बिडीला धक्का नाही. मी इतकी भडकले की काय बोलले ते मला आठवत नाही. मामी बिचारी म्हणाली, "बाई, म्याबी म्हनलं, तोडा झाडं. जीव जाऊन राह्यला त झाडाचं काय घेऊन बसाचं?" तिचे डोळे रडून सुजले होते. तेव्हा माझा राग खाली बसला. चूक माझीच होती. अर्धवट समजावलं होतं.

पण मी पण मास्तरीणच. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. शेजारून एक कच्ची पपई मागून आणली, सकाळीच मटण आणलं आणि मामाच्या अंगणात तीन वाट्या मांडल्या. पहिलीत नुसतं मटण. दुसरीत खूप वेळ उकळून काढलेली पपई आणि मटण. तिसरीत कच्च्या पपईचा कीस, भरपूर. वर झाकण, आणि तिन्ही वाट्या उन्हात. मामा 'हे काय पोरखेळ' म्हणत होता, पण उठून गेला नाही. स्वयंपाक्याला मटणापासून हलवत नाही.

ऊन उतरायला लागल्यावर मी झाकणं काढली. "पाहा मामा. ही उकळलेली पपई. मटण जसंच्या तसं. चुलीवर चांगलं रटरटलं की पपईतलं विकर मरते. तुह्या रस्स्यात ते मेलेलंच राह्यते. अन् थोडंफार जिवंत राह्यलं तरी पोटात त्याचीच चटणी होते, नळीपर्यंत जात नाई. पपईनं तुले कायी केलं नाई."

"मंग कोनं केलं?"

"तुह्या आंगानं. कात्र्या घरच्याच हायेत. बिडीचा धूर त्याईले बोलावून आनते. रोज."

मामा तिसऱ्या वाटीकडे बघत होता. त्यातली फोड गुलाबी, कोपरे धरून, छान अख्खी दिसत होती. "ही त बरी दिसते," तो म्हणाला.

"हात लाव."

त्याने बोट टेकवलं. बोट आत गेलं. सरळ आत, काही अडलंच नाही, आणि फोड वाटीत पसरली.

मामाने बोट काढलं नाही. तसाच वाकून बसला. नंतर हळू म्हणाला, "हिले बी कायी दुखलं नसन."

मामीच्या हातातलं सूप खाली पडलं. मला मात्र आनंद झाला, कारण आता ते खरंच त्याच्या डोक्यात शिरलं होतं. मी म्हणाले, "मंग? बिडी बंद?"

मामाने मान हलवली. नकाराची.

"आता काऊन?"

मग त्याने जे सांगितलं ते त्याने जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. मामीलाही नाही. "बिडी सुटली त माहा हात जाईन, पोरी. म्या पपईची येळ बिडीवर मोजतो. उनाळ्यात इतक्या, हिवाळ्यात इतक्या. खानसाम्याकडे घड्याळ होतं, माह्याकडे नव्हतं, म्या बिडी धरली. घड्याळावर मले नाई जमत. बिडी गेली त म्या कोन? मंग जगून तरी काय करू? काल पाह्यलं ना, पपईबिगर काय झालं?"

म्हणजे हा माणूस पोटात फुटायला आलेली नळी घेऊन बसला होता, आणि बिडी सोडत नव्हता ती तलफेपायी नाही, मटण बिघडेल म्हणून! मी कपाळावर हात मारला. मामी मात्र उभी राहिली. कमरेला पदर खोचला.

"काय म्हनले तुमी? बिडीवर मोजता?"

"हो."

"आन् मी हाक मारतो ते?"

"तू चूल पेटली म्हनून मारते."

"चूल!" मामी एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारची बयनाबाई कुंपणावरून डोकावली. "चूल त पह्यलेच पेटलेली राह्यते, त्याच्यावर मी भाकरी करतो का हवेत? आवो, फडकं उचलून मी फोड दाबून पाहतो! बोटाले नरम लागली का हाक मारतो! तुमी कवा तिसरीतच उठता, कवा पाचवी अर्धी टाकून येता. कोनाच्या हाकेवर? सांगा ना, कोनाच्या हाकेवर?"

मामा तिच्याकडे बघतच राहिला. "तू... दाबून पाहत होती?"

"मले वाटलं तुमाले मालूम हाय! तुमी तकडं धूर सोडत बसता, कोनीतरी पाह्याले पायजे का नाई?" आणि एवढं बोलून ती जी रडायला लागली, हसायला लागली, दोन्ही एकदम. बयनाबाईही कुंपणापलीकडे हसायला लागली. मी तर लोळायचीच बाकी होते.

मामाला ते लागलं. ताडकन उठला, अंगणातल्या कडूलिंबाखाली जाऊन पाठ करून बसला, बंडल काढलं, एक बिडी ओठात धरली. तो बिडी न पेटवता बसून राहिला. मला वाटतं तो हाकेची वाट बघत होता. मामीने मुद्दामच मारली नाही. शेवटी आपण होऊन आला, बंडल तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "चहा टाक."

मामीने आधी बंडल चुलीत टाकलं, मग चहा टाकला.

त्या महिन्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही. मामा बडीशेप चावायचा, मांजरावर खेकसायचा, माझ्यावर तर रोज. दोनदा टपरीपर्यंत जाऊन परत आला. पण ओढली नाही. मी रोज शाळेतून येताना त्याच्या तोंडाचा वास घ्यायचे आणि तो म्हणायचा, "घे, घे, पोलीसच हायेस तू." ते संत्रं पोटात फुटणार तर नाही ना, या भीतीने मामी त्याला घागर उचलू द्यायची नाही.

हैदराबादला ऑपरेशन झालं त्या दिवशी मामी आणि मी दवाखान्याच्या बाकावर एकमेकींचे हात धरून बसलो होतो. मामीच्या बोटांना पीठ नसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. दार उघडलं आणि सर्जन मॅडम बाहेर आल्या, टोपी काढली, आणि हसल्या. मी जागेवर उडीच मारली! दवाखान्यात, सगळ्यांसमोर. मामीने मला खाली ओढलं आणि मग तीच मॅडमच्या गळ्यात पडली.

दोन-तीन दिवसांनी मॅडम वॉर्डात आल्या तेव्हा मामा उशीला टेकून बसला होता. त्यांनी सांगितलं की फुगलेल्या जागी आता कापडाची नळी शिवली आहे.

"कपड़े की?" मामा म्हणाला. कापसाच्या मुलखातला माणूस. "कपास?"

"नहीं नहीं, पॉलिएस्टर."

मामाने डोळे बारीक केले. विचार करताना तो तसे करतो. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पोरी, कापड म्हंजे मटण नाई. मंग त्याले पपई लागत नसन?"

अहो, मला काय झालं म्हणून सांगू! कापडात प्रथिनच नाही, तर प्रथिन कापणारी कात्री चालणार कशावर? त्याने ते स्वतःहून जोडलं होतं! इतक्या वर्गांना शिकवलं, पण असा विद्यार्थी मला मिळाला नाही. मी तिथेच रडले. "नाई लागत मामा! जिंदगीत नाई लागत! पन वरची अन् खालची नळी तुहीच हाय, तिले लागते. बिडीचं नाव काढू नको."

"कोन काढून राह्यलं?" मामा म्हणाला.

हिवाळ्यात धम्मपाल सरांनी पुन्हा जेवण ठेवलं. म्हणाले, निवृत्ती झाली पण मटण बाकी आहे. तेच लोक, तीच जागा. पपई शेजाऱ्याची, कारण मामाच्या परसातली नवी रोपं अजून गुडघ्याएवढीच होती. मामाने कीस चोळला, गंजावर ओलं फडकं टाकलं, हात धुतले. आणि सवयीने आम्ही सगळ्यांनी कडूलिंबाकडे बघितलं.

मामा तिकडे गेला नाही. त्याने पाट ओढला आणि मामीच्या चुलीजवळ, गंजाच्या पलीकडे बसला. हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. कधी मांडीवर ठेवी, कधी फडकं नीट करी.

"झालं का?" त्याने विचारलं.

"नाई. बसा."

ती भाकरी थापत राहिली. तो तिच्या हातांकडे बघत होता. थोड्या वेळाने तिने फडकं उचललं, त्याचा हात मनगटाला धरून गंजात घातला आणि एका फोडीवर दाबला.

"पाहा. आता झालं. इतकंच पायजे."

मामाने हात तसाच ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते, बिडीचा धूर नसताना.

"चाळीस सालं मी कुठी होतो वं?" तो म्हणाला.

"लिंबाखाली," मामी म्हणाली, आणि तिने भाकर उलटली.